पदवी कोणती? पसंती कुणाची?

बारावीचे वर्ष सुरू झाले की घरात सल्लागारांची गर्दी होते. मामा म्हणतात, ‘‘कॉम्प्युटरला घाला.’’ शेजारच्या काकू सांगतात, ‘‘आमच्या भाचीनं बीबीए केलं, लगेच नोकरी लागली.’’ या गोंधळात ज्याला पुढची तीन-चार वर्षे अभ्यास करायचा आहे, त्याचे मत मात्र कुणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेतला माणूस भराभर फॉर्म भरून देतो आणि आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी अडचण इथूनच सुरू होते.

नाव नव्हे, विषय पाहा

पदवीच्या नावावर भाळण्यापेक्षा तिचा अभ्यासक्रम नजरेखालून घालावा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर तो वाचायला मिळतो. मानसशास्त्र म्हणजे केवळ माणसांशी गप्पा नव्हेत, त्यात संख्याशास्त्रही असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचे तर प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. अकरावीतच गणित सोडलेल्या मुलीला हे बारावीनंतर कळले, तर तिची हुशारी काय कामाची?

निकालाची वाट पाहू नका

२०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठात बहुतेक पदव्यांना बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत असे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामायिक परीक्षा आली. तिचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. ही परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातही २०२४ पासून बीबीए, बीसीएसाठी सीईटी सुरू झाली. म्हणूनच ‘निकाल लागू दे, मग बघू’ हे धोरण महागात पडते. वर्ष वाया जाते ते गुण कमी पडल्याने नव्हे, तर तारीख चुकल्याने.

पसंतीक्रमाचा रकाना

फॉर्ममधला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि जिथे गुण पुरतात तिथे थांबतो. समजा, मुलीला इतिहासाची ओढ आहे, पण वडिलांच्या आग्रहाखातर तिने बी.कॉम. वर लिहिले. बी.कॉम.साठी गुण पुरले, तर तिला तेच मिळणार. संगणक इतिहासापर्यंत पोचणारच नाही.

काहीजण मिळेल असे वाटते तेच वर लिहितात. त्याची गरज नसते. अवघड वाटणारे पण मनापासून हवे असलेले नाव वर लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. मात्र यादीच्या शेवटी खात्रीची दोन-चार नावे असू द्यावीत.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती अंतिम मानली जाते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दिल्ली विद्यापीठात मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर प्रक्रियेतूनच बाहेर पडावे लागते. म्हणून नियम वाचल्याशिवाय शेवटचे बटण दाबू नये.

कागद आधी, धावपळ नंतर नको

नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. केंद्रीय विद्यापीठात ओबीसी आरक्षण हवे असल्यास जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपण कोणत्या राज्याचे अधिवासी ठरतो, हे आधीच तपासावे.

खासगी संस्थेची जाहिरात पाहून भुलू नये. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती पाहावी. कायद्याच्या पदवीला बार कौन्सिलची, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, हेही विचारावे. मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी दाखवावी, संस्थेकडे ठेवून घेऊ देऊ नये. आयोगाच्या नियमानुसार संस्थेला ती अडकवून ठेवता येत नाही.

पालकांनी काय करावे?

फीचा हिशेब मांडावा, वसतिगृहाचा खर्च स्पष्ट सांगावा, कागद गोळा करावेत. झेपत नसेल तर तसे मोकळेपणाने बोलावे, मुले समजून घेतात. पण झेपण्याजोग्या पदव्यांची यादी तयार झाली की पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे, हे मुलामुलींनाच ठरवू द्यावे. पहाटे उठून त्या विषयाचे पुस्तक उघडायचे आहे, ते त्यांनाच.