झडपेला हसण्याआधी

व्हॉल्व्हच्या रेडिओवरचे मराठी ललित लेख आता एका साच्यात बसले आहेत. काचेतला तांबूस उजेड, यंत्र तापेपर्यंतची प्रतीक्षा, मग आजोबा, आणि शेवटी त्या आवाजाची 'ऊब'. ही ऊब कशाने येते हे लेखक सांगत नाही, समीक्षक विचारत नाही. अशा लेखाला 'तरल' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आमचा आक्षेप या प्रथेवर आहे.

कारण ऊब मोजता येते. मध्य षड्ज २४० कंपनांचा धरला आणि तो एकाच ट्रायोडवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून पाठवला, तर बाहेर पडताना त्यात ४८० कंपनांचा एक मंद स्वर मिसळतो. हा दुसरा स्वरांश म्हणजे तार षड्ज. तिसरा, ७२० कंपनांचा, तार पंचम. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकणाऱ्या समाजाला हे परके वाटण्याचे कारण नाही. तो गंधार म्हणजे पाचवा स्वरांश. ट्रायोडची भर मुख्यतः दुसऱ्या स्वरांशाची असते, म्हणजे मूळ स्वराशी पूर्ण संवादी. म्हणून ती बिघाड न वाटता गोडवा वाटते. दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध जोडले, ज्याला पुश-पुल म्हणतात, की सम क्रमांकांचे स्वरांश परस्परांना खोडतात आणि हा गोडवा बराचसा ओसरतो. थोडक्यात, ऊब ही यंत्राने गायकाच्या गळ्यात घातलेली भर आहे. ती आवडावी की नाही हा रुचीचा प्रश्न. पण तिला 'अस्सल आवाज' म्हणणारा लेखक वस्तुस्थितीच्या नेमके उलट लिहितो.

यावर ठरलेले उत्तर येते: अशा गोष्टी मराठीत लिहिता येत नाहीत, परिभाषा हास्यास्पद आहे, व्हॉल्व्हला 'झडप' म्हणणार का? अवश्य म्हणू. १९०४ साली फ्लेमिंगने आपल्या नळीला 'व्हॉल्व्ह' म्हटले ते तिच्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो म्हणून. पंपातल्या, नळातल्या झडपेवरून त्याने सरळ रूपक उचलले. इंग्रजांनी नळातला शब्द विजेला लावला की ते विज्ञान, आणि आपण लावला की विनोद! पुढे डी फॉरेस्टने ऋणाग्र आणि धनाग्र यांच्यामध्ये तिसरे अग्र बसवले. त्याला 'जाळी' म्हणतात. जाळीवरच्या किंचित विद्युतदाबाने मोठा प्रवाह कमीजास्त होतो. अ‍ॅम्प्लिफायरचे सारे मर्म या एका वाक्यात आहे आणि त्यासाठी आम्हाला शब्द उसने आणावे लागले नाहीत. ट्रान्सफॉर्मरचे 'रोहित्र' वर्तमानपत्रांत नित्य जळतच असते. (लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणत नाहीत, तसे रोहित्रही कोणी म्हणत नाही, हे मान्य. मग 'ट्रान्सफॉर्मर' म्हणा. पण त्याच्याविषयी लिहा.)

नवी मुंबईत घरी असा अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याला सुट्या भागांसाठी खाडी ओलांडून त्याच रस्त्यावर जावे लागते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. व्हॉल्व्ह मिळतो. अडते ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्हला ५००० ओहमचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा. गुणोत्तर ६२५, त्याचे वर्गमूळ २५; म्हणून दुय्यम गुंडाळीच्या एका वेढ्यामागे प्राथमिक गुंडाळीचे पंचवीस वेढे. एकाच व्हॉल्व्हची रचना असेल तर गाभ्याच्या पट्ट्यांमध्ये कागदाची फट ठेवावी लागते, नाहीतर एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या प्रवाहाने लोखंड चुंबकत्वाने भरून जाते आणि खर्ज दबतो. इतके करून सिक्स-व्ही-सिक्ससारखा व्हॉल्व्ह देतो जेमतेम साडेचार वॅट. सिडकोच्या खोलीला ते पुरतात, शेजाऱ्यांनाही.

वाइंडिंग करणारे कारागीर हे ज्ञान हातात आणि बोलीत बाळगून असतात. फट किती, कागद कोणता, तार कशी ताणायची, हे ते ज्या मिश्र भाषेत सांगतात ती आमच्या बोलीविज्ञानात बसत नाही आणि आमच्या साहित्यातही नाही. उपयोजित मराठीच्या पेपरात आम्ही जाहिरात आणि वृत्तलेखन शिकवतो. एका विद्यार्थ्याला अशा दुकानात बसवून त्याच्याकडून बांधणीची कृती लिहून घ्यावी, ही आमची मागणी आहे.

तिथे तरलता चालणार नाही. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या धारित्रात स्विच बंद केल्यावरही दोन-अडीचशे व्होल्ट उरू शकतात. माणूस मरू शकतो. 'विद्युतपुरवठा खंडित केल्यानंतरही धारित्र भारित असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असे लिहिणाऱ्याला आम्ही नापास करू. प्लग काढा. रोध जोडून धारित्रातला भार उतरवा. मीटर लावून शून्य पाहा. मगच आत हात घाला.