रमा सोडून कोणीतरी

प्रोलॉग ही संगणकभाषा शिकवणाऱ्यांशी मला जरा भांडायचे आहे. मी जन्मभर मराठी आणि व्याकरण शिकवले, तेव्हा "आजी, तुमचा काय संबंध?" असे कोणी म्हणेलच. संबंध नातीच्या अभ्यासामुळे आला. शिवाय ही भाषा १९७२ च्या सुमारास मार्सेयला आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रुसेल यांनी घडवली, ती यंत्राला फ्रेंच वाक्ये कळावीत या खटपटीतून. म्हणजे मूळ भाषावाल्यांचेच काम!

या भाषेचा आत्मा म्हणजे आपले "गाळलेल्या जागा भरा". दोन बाजू घ्यायच्या आणि रिकाम्या जागा भरून त्या सारख्या होतात का पाहायचे. याला एकीकरण म्हणतात. त्याची पद्धत रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली.

आता नातीचा घोळ. नियम असा: क्ष आणि य वेगळे असतील, आणि दोघांची आई एकच असेल, तर ती भावंडे. "वेगळे" हे कलम हवेच, नाहीतर रमा स्वतःचीच बहीण ठरते. नातीने ते पहिले लिहिले. "रमा आणि उमा भावंडे का?" उत्तर आले, हो. "रमाची भावंडे कोण?" उत्तर, नाही! उमा गेली कुठे?

तिच्या सरांनी सांगितले, "ते कलम शेवटी लिही, चालेल." चालले. का चालले ते कोणी सांगितले नाही. मला राग आला तो इथे.

उलटी तिरकी रेघ आणि बरोबरचे चिन्ह मिळून जो "वेगळे" लिहितात, तो एवढेच विचारतो की या दोन बाजू आत्ता, या क्षणी, जुळूच शकत नाहीत ना? दुसरी जागा अजून रिकामी. रिकाम्या जागेत रमाही बसू शकते, म्हणून यंत्र म्हणते, जुळू शकतात, कलम खोटे. त्याने पुढचे काही लक्षात ठेवलेच नाही. शेवटी लिहिले की तोवर दोन्ही नावे भरलेली असतात, म्हणून निभावते. छोट्या उदाहरणात तरी.

आपल्याला म्हणायचे असते "रमा सोडून कोणीतरी". मराठीत हे तीन शब्दांत होते. प्रोलॉगमध्येही होते, त्याला "डिफ" म्हणतात. नाव अजून ठरलेले नाही, पण अट त्या जागेला चिकटून राहते आणि जागा भरली जाताच तपासली जाते. गंमत म्हणजे डिफ अगदी पहिल्या प्रोलॉगमध्ये होते, नंतरच्या आवृत्तीत गाळले, आणि प्रोलॉग-२ मध्ये परत आणले. कर्त्याला ते महत्त्वाचे वाटत होते, आणि आपण मात्र मुलांना ते शेवटच्या प्रकरणात दाखवतो, दाखवलेच तर!

अर्थात डिफचीही एक खोडी आहे, आणि तीही पहिल्याच दिवशी सांगावी. मध्येच ती जागा छापून पाहिली तर खाली एक रेघ आणि एक आकडा, एवढेच दिसते. पोर समजते, रिकामी आहे. मग तिथे रमा बसवायला जावे तर यंत्र नकार देते. चूक शोधताना तासन् तास इथे जातात. अशा वेळी "कॉपी टर्म"ला तीन जागा देऊन विचारावे, म्हणजे चिकटलेल्या अटी शब्दांत बाहेर येतात.

आणि उत्तर शेवटपर्यंत वाचायला शिकवावे. तीन मुले, खुर्च्या दोन, कोणतीही दोन मुले एका खुर्चीत नकोत, असे आकड्यांच्या अटींनी सांगून पाहा. यंत्र "नाही" म्हणत नाही! ते एकेका जोडीपुरते पाहते, आणि दोघांत भांडण दिसत नाही म्हणून सगळ्या अटी तशाच परत हातात ठेवते. नातीच्या मैत्रिणी त्याला "हो" समजल्या. ते "हो, जर जमले तर" आहे. "आता प्रत्यक्ष बसवून दाखव" असे फर्मावले, की मग ते मुकाट्याने "नाही" म्हणते.