कोष्टकातले रंग

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी एका विद्यार्थ्याने नुकतीच एक चित्रकथा आणून दिली. तिची नायिका सर्वस्वी त्याच्या कल्पनेतून जन्मलेली; कोकणातल्या एका खाडीवर होडीतून उतारूंना पैलतीरी नेणारी, बापामागे घर सांभाळणारी मुलगी. कथा आम्हांस आवडली. चित्र पाहून मात्र आम्ही थबकलो. मुलीच्या अंगावर गर्द जांभळे लुगडे, त्यास सोनेरी काठ आणि किरमिजी चोळी! हेच रंग का, असे विचारता त्याने एक कोष्टक पुढे केले. जांभळा गूढतेचा, सोनेरी आत्मविश्वासाचा, किरमिजी धैर्याचा. कोष्टकात रंग होते, गुण होते. नव्हती ती फक्त खाडी.

असली कोष्टके आज चित्रकलेच्या हातपुस्तकांपासून जाहिरातवाल्यांच्या कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र पूज्य झाली आहेत, आणि रंगांचे मानसशास्त्र हे भारदस्त नाव मिळाल्यामुळे त्यांस कोणी हटकीत नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: ही कोष्टके खोटी आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ती लेखकास आपल्याच पात्राचा विचार करण्यापासून सुटका देतात.

खोटेपणा पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. तांबडा म्हणे प्रेमाचा व उत्साहाचा! ज्या ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या विधवेच्या नशिबी जन्मभर तांबडे आलवण येई, त्या घरांत हे वाचून दाखविण्याची छाती कोणास झाली असती? काळा शोकाचा म्हणावा, तर संक्रांतीस नव्या सुनेला आपण कौतुकाने काळी चंद्रकळा नेसवितो. हिरवा इंग्रजी भाषेत मत्सराचा, आमच्याकडे चुड्याचा. रंग तोच, डोळा तोच. फिरला तो केवळ समाज.

यावर कोणी म्हणेल, भरतमुनींनीही रसांस रंग नेमून दिलेच ना? दिले खरे. पण ते जरा उघडून पाहावे. नाट्यशास्त्रात शृंगाराचा रंग श्याम आहे, करुणाचा कपोतासारखा करडा, अद्भुताचा पिवळा. आजच्या कोष्टकाशी याचा मेळ कोण घालणार? तो संकेत होता, आणि नट व प्रेक्षक या दोघांसही तो ठाऊक होता, म्हणून तो चाले. कथकलीत हिरव्या रंगवलेल्या मुखाचा नायक उदात्त ठरतो, तोही अशाच परंपरेने. संकेत हा दोघांमधील करार आहे. त्यास निसर्गनियम समजणे ही भोळेपणाची परिसीमा होय.

शिवाय एकट्या रंगास स्वतःचा असा स्वभावही फारसा नसतो. शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तेथे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने शोध केला, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांत आहे असे आढळले. त्यावरील त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला. जो रंग शेजार बदलताच डोळ्यांस निराळा भासतो, त्याच्या नावापुढे ‘धैर्य’ असे कायमचे लिहून ठेवणे कितपत शहाणपणाचे?

जगप्रसिद्ध पात्रांचे रंग तरी कोष्टकातून आले काय? बॉम यांच्या १९०० सालच्या कथेत डोरोथीचे जोडे रुपेरी होते. १९३९ च्या बोलपटात टेक्निकलरमध्ये खुलून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल झाले. अमेरिकन चित्रकथांतला हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. छपाईत तो करडा एकसारखा उमटेना, म्हणून पुढच्या अंकात त्याचे अंग हिरवे झाले. आधी कामाची गरज, मग रंग, आणि अर्थ कथेने मागाहून मिळविला.

मग रंग निवडावे कसे? पात्रासच विचारावे. हे लुगडे कोणी घेतले, किती वर्षांपूर्वी? खाऱ्या पाण्याने व उन्हाने ते कितीदा विटले? जुने काय टाकवत नाही, आणि का? नंतर चित्रकाराने आपले प्रश्न विचारावेत: मागे पाणी आहे की चिखल, शेजारी कोण उभा आहे, दुरून ही मुलगी ओळखू येईल का? परग्रहावरची राणी कल्पिली तरी तिच्या राज्यात रंगारी असणारच. त्याच्याजवळ कोणते रंग होते, हे कल्पिणे हीच तर प्रतिभा.

हे क्षुल्लक नाही. कोष्टकावर पोसलेली कल्पना खलपुरुषास काळे वस्त्र देते, थोड्याच दिवसांत काळी कातडीही देते, आणि आपण काही वाईट केले याची तिला दादही नसते. माणसास न पाहता त्याचा रंग ठरविण्याची सवय कागदापुरती थांबत नाही.

त्या विद्यार्थ्यास आम्ही रागे भरलो नाही. तसा अधिकारही आम्हांस नव्हता. तेच कोष्टक आमच्या वर्गाच्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेले होते, आणि त्याखाली उभे राहून आम्ही वाङ्मय शिकवीत होतो. ते आता आम्ही उतरविले आहे. इतर शिक्षकबंधूंनीही आपापल्या भिंती एकवार पाहाव्यात.