नाथांची कावड आणि रामेश्वराची वाट

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की मराठवाड्यातील गावोगावच्या देवळांत कीर्तने उभी राहतात आणि नाथचरित्रातील एक प्रसंग हटकून सांगितला जातो. काशीहून रामेश्वरास नेण्यासाठी कावडीत भरलेली गंगा श्रीएकनाथमहाराजांनी वाटेत तृषेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. आम्हीही हे आख्यान चाळीस वर्षे लावीत आलो आहोत. मात्र त्यातून जो निष्कर्ष श्रोत्यांच्या गळी उतरविला जातो, तो आम्हांस आता मान्य नाही. ‘देव सर्वांभूती आहे, मग रामेश्वरास जाण्याची यातायात कशाला?’ असे ऐकून परतलेला श्रोता रामेश्वरासही जात नाही आणि दारच्या गुरापुढे बादलीभर पाणीही ठेवीत नाही. तरुणपणी हे बोल आमच्याही मुखातून गेले आहेत.

मांजरसुंब्यास एकदा कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरी पुढे आले. म्हणाले, ‘‘महाराज, २०१५च्या दुष्काळात रामेश्वरासाठी साठवलेला पैसा कडब्यात घातला. तीन जनावरं जगली. आता पोरगा नेतो म्हणतो, पण घरची माणसं म्हणतात, तुमची यात्रा तेव्हाच रुजू झाली, आता कशाला जाता?’’

‘खरे आहे’ असे उत्तर ओठांवर आले होते. ते देववले नाही, कारण आम्ही रामेश्वर पाहिले होते.

ते क्षेत्र बेटावर आहे. २००९ साली आम्ही गेलो तेव्हा आगगाडी १९१४ सालच्या पांबन पुलावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि दोन्ही अंगांना नुसता समुद्र. (२०२५च्या रामनवमीला तेथे नवा पूल सुरू झाला.) प्रथम अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रातच, स्नान करावयाचे, मग ओलेत्याने मंदिराच्या आवारातील बावीस तीर्थे. यांतील बहुतेक तीर्थे म्हणजे विहिरीच. काठावरचा मनुष्य पोहऱ्याने पाणी शेंदतो आणि यात्रेकरूच्या मस्तकावर ओततो. चहूंकडे खारा सागर आणि पोहऱ्यात गोडे पाणी! बालाघाटावर विहिरीचा तळ पाहत ज्याचे चैत्र-वैशाख गेले, त्याच्या डोळ्यांना त्या पाण्याबरोबर दुसरेही पाणी येते. आमच्या मंडळींतील एक आजी तर शेंदणाऱ्याला, ‘‘पुरे रे बाबा, सांडू नको’’ असे मराठीतच विनवीत होत्या.

गाभाऱ्यात दोन लिंगे. एक सीतामाईने वाळूचे केलेले. दुसरे हनुमंताने कैलासाहून आणलेले. मारुतिराय पोचले तोवर मुहूर्त टळू नये म्हणून वाळूच्या लिंगाची स्थापना होऊन गेली होती. तेव्हा श्रीरामांनी सांगितले, की पूजा आधी हनुमंताच्या लिंगाची होईल. तो क्रम आजही पाळला जातो. उशिरा आलेल्या सेवकाचा एवढा मान राखणारे दुसरे क्षेत्र आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून त्या वृद्धांना आम्ही म्हणालो, ‘‘बाबा, नाथांनी गाढवाला पाणी पाजले, ते खांद्यावर कावड होती म्हणून. रामेश्वरास निघालेच नसते, तर त्या वाळवंटात गाढव तसेच राहिले असते. तुम्हीही रामेश्वरासाठी पै-पै जोडलीत, म्हणून कडबा घेता आला. जनावरे जगविलीत, फार मोठे काम केलेत. पण त्याची पावती दाखवून घरच्यांनी तुमची वाट अडवू नये. उशीर झाला म्हणून तेथे कोणी रागावत नाही.’’

ते जायचे ठरवूनच उठले. गंगाजलाचा गडू घरी होता. थोरल्या भावाने काशीहून आणलेला, देव्हाऱ्यात ठेवलेला. तो पुजाऱ्यांच्या हाती द्यावा लागतो, अभिषेक तेच करतात, हे आम्ही त्यांना सांगितले. आणि गाडीत हिंदकळते, तेव्हा झाकणाला लाख नीट लावून घ्या, असेही.