किनाऱ्याचा पाठ आणि किनाऱ्याची भाषा

ओहोटी लागली की किनाऱ्यावरील खडकांच्या खळग्यांत समुद्राचे थोडे पाणी मागे राहते. कोकणात या खडकाळ पट्ट्याला खडप म्हणतात. खडपातील डबकी पुढच्या भरतीपर्यंत समुद्रापासून तुटलेली असतात, आणि एरवी पाण्याखाली झाकलेली सृष्टी तेवढा वेळ मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर येते. मुलांना निसर्ग शिकवावयाचा तर याहून सोयीचे स्थळ नाही, हे आता पुष्कळांना पटू लागले आहे. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून किनारा-फेऱ्या सुरू केल्या. गुजरातेत जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीच्या वेळी प्रवाळांमधून चालत जाऊन समुद्रजीव पाहता येतात. हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु एका प्रश्नाचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. मुलाने त्या डबक्यापासून परतताना बरोबर काय आणावे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने त्याचे एक उत्तर देऊन पाहिले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५३ साली डेव्हनच्या किनाऱ्यावरील भ्रमंतीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८५४ साली ‘द अ‍ॅक्वेरियम’. दोन्ही पुस्तके अत्यंत तळमळीने लिहिलेली होती, आणि ती लोकप्रिय झाली हेच त्या किनाऱ्याचे दुर्दैव ठरले. वाचक बरण्या, जाळी आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात संग्राहकांनी ओरबाडलेल्या त्या डबक्यांविषयी खेदाने लिहिले आहे. कुतूहल खरे होते, अभ्यासही खरा होता. केवळ त्या कुतूहलाचा शेवट हातात काहीतरी येण्यात होत असे.

आपल्याकडे बरण्यांची ती लाट आली नाही, पण हाताची सवय निराळी नाही. कन्याकुमारी किंवा रामेश्वरम् येथे शंखावर आपले नाव रंगवून घेणारी मुले पुष्कळ दिसतात. ज्या शंखावर मुलाचे नाव लिहिले जाते, त्या शंखाचे स्वतःचे नाव मात्र मुलाला कोणी सांगत नाही. या एका व्यवहारात किनाऱ्याशी असलेले आपले सारे नाते उमटलेले आहे. मुलाच्या हातातील वस्तू काढून घ्यावयाची असेल तर तिच्या जागी दुसरे काहीतरी द्यावे लागेल. ते दुसरे काहीतरी म्हणजे शब्द होय.

शब्द म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेली पारिभाषिक संज्ञांची यादी नव्हे. किनाऱ्यावरील लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द आहेत, आणि ते वापरातून घडलेले आहेत. खडपावर कोयत्याने कालवे काढणाऱ्या बाईला कोणते कालव जिवंत आहे आणि कोणता नुसता शिंपला उरला आहे, हे लांबून कळते. उत्तर कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात त्यांना दक्षिणेकडे शिवल्या म्हणतात. मोठ्या भरतीला उधाण आणि मंद भरतीला भांग असे दोन स्वतंत्र शब्द मराठीत आहेत, परंतु शहरी शाळेतील मुलाला ते क्वचितच ठाऊक असतात. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रिया, ज्यापासून अगर काढतात अशा एका शेवाळाला ‘मरिकोळुंदु पासी’ म्हणतात. मरिकोळुंदु म्हणजे मराठी माणसाच्या ओळखीचा सुवासिक दवणा, आणि पासी म्हणजे शेवाळ. ज्या कोणी प्रथम हे नाव दिले, तिने पाण्याखालील वनस्पतीकडे पाहताना केसांत माळावयाची वनस्पती आठवली होती. या नावात निरीक्षण आहे, तुलना आहे आणि थोडे काव्यही आहे. दहा वर्षांच्या मुलाला पाहावयास शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडेल?

अर्थात किनाऱ्याची भाषा परिपूर्ण आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. टोपलीत जाणाऱ्या जिवांना तिच्याकडे नेमके शब्द असतात. ज्यांचा उपयोग नाही अशांची बोळवण बहुधा एखाद्या सामान्यनामावर होते. येथे शास्त्राचे शब्द लागतात, कारण ते नाते सांगतात. खडकाला चिकटलेले, चुन्याच्या इवल्या डोंगरासारखे दिसणारे बार्नेकल मुलाला शिंपल्याचे भावंड वाटते. वस्तुतः ते खेकडा आणि कोळंबी यांच्या कुळातले. डोक्याच्या बाजूने ते खडकाला कायमचे जखडलेले असते आणि भरती आली की पिसासारखे पाय बाहेर काढून अन्न गोळा करते. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून सुमारे आठ वर्षे या जीवावर घालविली. लोकांचा शब्द रूप आणि उपयोग सांगतो, शास्त्राचा शब्द कुळ सांगतो. मुलाला दोन्ही हवेत. आज अडचण अशी आहे की पहिला शब्द अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर राहतो आणि दुसरा इंग्रजी किंवा संस्कृत वेषात येऊन नुसता पाठ होतो.

रेचल कार्सन यांनी १९५६ साली एका मासिकात मुलांच्या विस्मयाविषयी एक निबंध लिहिला. त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ साली तो ‘द सेन्स ऑफ वंडर’ या नावाने पुस्तकरूपात आला. भाचीच्या लहान मुलाला घेऊन मेनच्या किनाऱ्यावर हिंडताना त्यांना असे जाणवले की बालवयात माहितीपेक्षा अनुभूतीला अधिक महत्त्व आहे. या मताविषयी आदर बाळगूनही एक फरक नोंदविला पाहिजे. कार्सन यांच्या वाचकाजवळ समुद्रजीवांवरील वाङ्मय त्याच्या स्वतःच्या भाषेत विपुल होते. नावे आधीच घरात होती, म्हणून ती बाजूला ठेवण्याची मुभाही होती. भारतीय भाषांतील मुलाची स्थिती उलट आहे. त्याने विस्मयाने पाहिलेली गोष्ट घरी येऊन आजीला सांगावयाची तर शब्दच नसतो, आणि जे सांगता येत नाही ते आठवड्याभरात विसरले जाते. येथे नाव हे अनुभूतीचे विरोधक नसून तिला टिकवून धरणारे भांडे आहे.

पाठाच्या रचनेचाही प्रश्न आहे. शाळेत प्राणी वर्गवारीने येतात. एका प्रकरणात संधिपाद, दुसऱ्यात मृदुकाय, तिसऱ्यात शैवाले. डबक्यात मात्र ती सारी एकमेकांच्या शेजारी राहतात. एड रिकेट्स यांनी जॅक कॅल्व्हिन यांच्यासह १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बिट्वीन पॅसिफिक टाइड्स’ या ग्रंथात जीवांची मांडणी कुळांप्रमाणे न करता ते कोठे व कोणाबरोबर राहतात यावरून केली. मुलांसाठी हीच वाट योग्य आहे. उन्हाने डबके तापते, पाणी आटून खारटपणा वाढतो, पावसाच्या एका सरीने तो एकदम उतरतो. रात्री शेवाळे प्राणवायू देत नाहीत, उलट श्वसनासाठी घेतात. या सर्वांना प्रत्येक जीव कसे तोंड देतो हे पाहणे म्हणजे शब्द वाक्यात पाहणे. सुटे शब्द कोशात असतात. अर्थ वाक्यात असतो.

मग समुद्राचे वेळापत्रक येते. कोकणात तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी खडप पाण्याखाली असते. अष्टमीला दुपारी ओहोटी असली तरी ती भांगाची, म्हणून खडप फारसे उघडे पडत नाही. अकरा ते पाच या वेळेत काढलेल्या शाळेच्या सहलीला समुद्र आपले दार पुरते उघडीत नाही, तो असा. हा हिशेब कोकणचा. चेन्नईला तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु अपूर्णांकांचे गणित आणि चंद्राचे भूगोल एका दमात शिकविणारा हा आडाखा कोळ्याच्या घरी असतो आणि शाळेत नसतो. त्या घरातील मूल शाळेत येते तेव्हा आपल्याला काहीच येत नाही असे ते शिकते. ही हानी केवळ त्या मुलाची नाही.

नावांवर आणखीही काही अवलंबून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत प्रवाळ आणि समुद्रकाकड्या २००१ साली घालण्यात आल्या. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी हाजीअली व वरळी येथील काही प्रवाळ २०२० साली उचलून अन्यत्र नेण्यात आले. ते योग्य झाले की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. पण प्रवाळांचे नाव यादीत होते म्हणून प्रश्न तरी उपस्थित झाला. त्याच खडकावरील ज्या जिवांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, त्यांच्याबाबत तोही होत नाही. समाज ज्याला नाव देत नाही, त्याच्या बाजूने त्याला बोलताही येत नाही.

करावयाचे काम मोठे खर्चाचे नाही. तृतीयेच्या सकाळी पंधरा-वीस मुले, एक शिक्षक आणि कालवे काढणारी एक जाणती बाई एवढे पुरे. मात्र त्या बाईला वाटाड्या न समजता अध्यापक समजावे आणि तसे मानधन द्यावे. उलटलेला दगड त्याच बाजूने परत ठेवावा, कारण त्याच्या खाली राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही. शंकूच्या आकाराचा शंख उचलू नये. त्यातील प्राण्याचा दंश विषारी असतो. ज्याला नाव सापडले नाही त्याला मुलांनी स्वतः नाव द्यावे आणि ते का दिले हे लिहावे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आपापल्या किनाऱ्यावरील हे शब्द गुजराती, मराठी, कोंकणी, कन्नड, मलयाळम, तमिळ, तेलुगू, ओडिया व बंगाली अशा शेजारी-शेजारी स्तंभांत नोंदवून शाळांना द्यावेत. असे शब्द सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. हे काम दहा वर्षांनी करू म्हणणाऱ्याला विद्यार्थी मिळतील, सांगणारी मिळेलच असे नाही.