वैमानिकापुढची काच काय दाखवते, काय निसटते?

किल्लारीहून औशामार्गे लातूरला जाणाऱ्या रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागलेला असला, की खिडकीच्या काचेत प्रवाशाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि त्याच काचेतून बाहेरच्या वस्तीचे दिवेही. विमानातील ‘हेड-अप डिस्प्ले’ म्हणजे एचयूडीचे मूळ तत्त्व एवढेच. वैमानिकासमोर तिरकी बसवलेली काच प्रक्षेपकातून आलेली हिरवी चिन्हे त्याच्या डोळ्यांकडे वळवते. बाहेरचे आकाश तिच्यातून आरपार दिसत राहते.

एसटीच्या काचेत एक अडचण असते. लांबच्या दिव्यावर नजर लावली की काचेवरचा डाग पुसट होतो, डागाकडे पाहिले की दिवा. वेगात उतरणाऱ्या वैमानिकाला डोळ्यांची ही उलाढाल परवडत नाही. म्हणून प्रक्षेपकात चिन्हांचे किरण समांतर करणारी भिंगे असतात. त्यामुळे काच हातभर अंतरावर असली तरी चिन्हे क्षितिजाइतकी लांब भासतात. धावपट्टी आणि वेगाचा आकडा, दोन्ही एकाच नजरेत स्पष्ट.

या चिन्हांत सर्वांत मोलाचे म्हणजे पंख फुटलेले छोटे वर्तुळ. विमानाचे नाक एकीकडे असते, पण आडव्या वाऱ्यात विमान सरकते दुसरीकडे. प्रत्यक्षात ते कुठे चालले आहे, हे वर्तुळ सांगते. ते धावपट्टीवरच्या टेकण्याच्या जागेवर ठेवायचे, बस.

तेजससाठीचा एचयूडी चंदीगडच्या सीएसआयओ या संस्थेने विकसित केला. तेजसची जुळणी आता नाशिकजवळच्या ओझरलाही होते. तिथले पहिले मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. मात्र ही काच आली की सुरक्षेची चिंता मिटली, हा समज फसवा आहे.

‘नासा’ने १९८० च्या एका प्रयोगात प्रवासी विमानांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवले. उतरताना धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आणले गेले. एचयूडी वापरणाऱ्यांपैकी काहींना ते दिसलेच नाही. डोळे समोर होते, लक्ष चिन्हांत अडकले होते.

बोइंग ७८७ मध्ये दोन्ही वैमानिकांपुढे ही काच असते. छोट्या मार्गांवरच्या एटीआरमध्ये सहसा नसते. पण लातूर-नांदेडच्या प्रवाशाने मागणी करायची तर काचेची आधी करू नये. धुक्यात, पावसाळी ढगांत विमान उतरवायला धावपट्टीचे दिवे, जमिनीवरून दिशा देणारी रेडिओ यंत्रणा आणि चोख हवामान नोंदी लागतात. नव्या फेऱ्यांच्या घोषणांत यांचा उल्लेख क्वचितच येतो. काच आलीच, तर सोबत सरावाचे तासही हवेत. बहुतेक एचयूडीत चिन्हांची गर्दी कमी करण्याची सोय असते. ती नेमकी कधी वापरायची, हे सिम्युलेटरमध्येच घोटून घ्यावे लागते.