जुना आय-सेव्हन लॅपटॉप की नवा आय-थ्री डेस्कटॉप?



दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या वेरूळ-खुलताबाद भागातून संभाजीनगरला जाणाऱ्या गाडीत एक विषय हमखास निघतो. पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय, कोणता घ्यावा? दुकानात गेलं की दोन वस्तू समोर येतात. एक म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, पुसून चकचकीत केलेला जुना लॅपटॉप, त्यावर आय-सेव्हनचं स्टिकर. दुसरा नवा डेस्कटॉप, त्यात आय-थ्री. लॅपटॉप स्वस्तात मिळतो, वर सात हा आकडा तीनपेक्षा मोठा. सौदा तिथेच ठरतो. शाळेसाठी मशीन घेताना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही हेच होतं, मी पाहिलेलं आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. त्या सात आणि तीनवरून ठरवणं ही निवड करण्याची सगळ्यात वाईट रीत आहे.

आपल्या लेण्यांचंच बघा ना. वेरूळला १ ते ३४ असे क्रमांक आहेत. ते दक्षिणेकडून उत्तरेकडे, जागेच्या क्रमाने दिलेले आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्रमांकावरून लेण्याचं वयही कळत नाही आणि मोठेपणही. जगभरचे लोक ज्या कैलासासाठी इथे येतात ते १६ नंबरचं आहे, आणि २९ नंबरचं धुमार लेणं त्याच्याहून जुनं आहे. चौथीतलं पोरगंसुद्धा ‘३४ नंबर म्हणजे सगळ्यात भारी’ असं म्हणणार नाही. मग प्रोसेसरच्या बाबतीत आपण मोठी माणसं असं का म्हणतो?

आता दोन खरी नावं घेऊन बघू. जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा सापडणारा कोअर आय-७ ७५००यू हा इंटेलने २०१६ मध्ये आणला. डेस्कटॉपमधला कोअर आय-३ १२१०० आला जानेवारी २०२२ मध्ये. नाव वाचायचं ते असं: ७५०० मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, १२१०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. आय-थ्री, आय-फाईव्ह, आय-सेव्हन ही त्या त्या पिढीतली पायरी झाली. म्हणजे सातवीच्या वर्गातला पहिला नंबर आणि बारावीच्या वर्गातला काठावर पास झालेला मुलगा, यांची तुलना आपण करतोय. दोघांना बारावीचं गणित दिलं तर कोण सोडवेल?

(२०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपांच्या नावातला ‘आय’च काढून टाकायला सुरुवात केली. गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला, पण ते असो.)

आतला फरक समजायला श्रावणात घृष्णेश्वराला जेव्हा गर्दी लोटते तेव्हाचा एखादा भंडारा डोळ्यांसमोर आणा. कोअर म्हणजे भाकरी करणारी बाई. ७५००यू मध्ये दोन कोअर आहेत, १२१०० मध्ये चार. थ्रेड म्हणजे काय? तव्यावरची भाकरी भाजली जाईपर्यंत ती बाई रिकामी बसत नाही, दुसरी थापायला घेते. म्हणून दोन बायांच्या हातून चार भाकऱ्यांचं काम चालू असतं, चौघींच्या हातून आठांचं. पण म्हणून एक बाई दोन बायांएवढं काम उरकते असं समजू नका. तवा रिकामा व्हायची वाट बघावीच लागते.

मग येतो वेग. ७५००यू चा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर ३.५. आय-३ १२१०० चा ३.३, आणि जोर लावला तर ४.३. पण नुसत्या गिगाहर्ट्झवर जाऊ नका. नव्या चिपची आतली रचना अशी आहे, की एका ठोक्यात ती जास्त काम उरकते. हाताशी ठेवायची स्मृती, जिला कॅशे म्हणतात, तीही ४ एमबीच्या जागी १२ एमबी आहे. परात जवळ ठेवल्यासारखं. सगळे कोअर एकदम कामाला लावणाऱ्या चाचण्यांत हा ‘छोटा’ आय-थ्री त्या ‘मोठ्या’ आय-सेव्हनच्या तिप्पट-चौपट काम करतो.

७५००यू मधलं ते ‘यू’ अक्षर मात्र कुणी वाचतच नाही. त्याचा अर्थ कमी वीज खाणारी चिप. तिची मर्यादा १५ वॉटची, तर आय-३ १२१०० ची ६० वॉटची, आणि जोरात असताना ८९ वॉटपर्यंत. बॅटरीवर चालायचं म्हणून यू चिपचा हात आखडता ठेवलेला असतो. तो तिचा दोष नाही, ती त्यासाठीच बनवलेली आहे. डेस्कटॉप घेताना दुसरं एक अक्षर बघा: १२१००एफ. हा ‘एफ’ असला तर चिपमध्ये चित्र दाखवणारा भाग नसतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. चार पैसे वाचले म्हणून खूश होऊन घरी यायचं आणि मॉनिटर काळाच, असं व्हायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदतीच्या काही सोयी आहेत, पण त्या नोंदणी करून घ्याव्या लागतात. आपल्या शाळांत किती जणांनी ती केली ते तुम्हीच आठवून बघा. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. ७५००यू सातवीतच राहिला. दुकानदार म्हणेल, “सर, काळजी करू नका, अकरा टाकून देतो.” टाकता येतं, तपासणीला बगल देऊन. पण अशा मशीनवर पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आणि आपण शिक्षक त्या मशीनवर करतो काय? शालार्थवर पगारबिलं. यू-डायस प्लसवर मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक. कुलूप गंजलेल्या कपाटात आपण जनरल रजिस्टर ठेवू का? मग अपडेट बंद झालेल्या विंडोजवर तीच माहिती का भरतो? हा वेगाचा प्रश्न नाही. मशीन हळू चालली तर आपला वेळ जाईल, पण माहिती फुटली तर ती गावातल्या लेकरांची फुटेल. पालकांना तर हे कळणारही नाही.

म्हणून जुना लॅपटॉप टाकून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. जुनं मशीन रडतं ते पुष्कळदा प्रोसेसरमुळे नाही, फिरत्या हार्ड डिस्कमुळे. त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाका. बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, जिओजेब्रा, स्क्रॅच, मराठी टायपिंगचा सराव ही कामं हा दोन कोअरचा आय-सेव्हन आरामात करतो. ऑफिसचं काम मात्र त्याच्यावर नको.

लॅपटॉपची खरी ताकद आपल्या भागात दुसरीकडेच आहे. लाईट गेली तरी तो चालू राहतो. मुलाने अर्धा प्रकल्प केला आणि वीज गेली तर डेस्कटॉपवर सगळं जातं, यूपीएस असला तर सेव्ह करण्यापुरती काही मिनिटं मिळतात. विजेचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. हलकं काम करताना लॅपटॉप साधारण २५ वॉट घेतो असं धरा, मॉनिटरसकट डेस्कटॉप ६५ वॉट. रोज चार तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०० तास. एकाचे अडीच युनिट, दुसऱ्याचे साडेसहा. घरी हा फरक जाणवत नाही. शाळेत दहा मशीन असतील तर महिन्याला ४० युनिटचा फरक पडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दहा डेस्कटॉपना पुरेल असा इन्व्हर्टर लागतो.

उलट एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लॅपटॉपचे हाल होतात. चिप १०० अंशांच्या आसपास तापली, की स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करते. लॅपटॉपचा पंखा लहान, त्यात आपल्याकडची धूळ, आणि पोरं तो गोधडीवर ठेवून सिनेमा बघतात, म्हणजे हवा यायची वाटच बंद. डेस्कटॉपच्या डब्यात हवा खेळायला जागा असते. शिवाय त्याचा की-बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, काहीही बिघडलं तरी तेवढंच बदलता येतं. आय-३ १२१०० सॉकेटमध्ये बसवलेला असतो, काढता येतो. ७५००यू बोर्डावर कायमचा डकवलेला. तो गेला म्हणजे बोर्डच गेला.

माझा कौल असा: शाळेच्या ऑफिसला आणि संगणक कक्षाला नवा आय-थ्री डेस्कटॉप, सोबत यूपीएस. घरी एकच मशीन घ्यायचं असेल, जागा कमी असेल, मूल पुढे होस्टेलला जाणार असेल, तर जुना लॅपटॉप जरूर घ्या, पण आठव्या पिढीच्या अलीकडचा नको. आठव्या पिढीतल्या आय-५ ८२५०यू मध्ये चार कोअर आहेत, विजेची मर्यादा तीच १५ वॉटची. स्टिकरवर आय-फाईव्ह असूनही तो सातव्या पिढीच्या आय-सेव्हनला मागे टाकतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असले तर आपला हात आय-सेव्हनकडे जातो, तिथे जरा थांबा.

तपासायला अर्धा मिनिट पुरतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू. प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर किती, लॉजिकल प्रोसेसर किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. सातवी-आठवीच्या वर्गाला संगणक कक्षातल्या प्रत्येक मशीनचं हे वहीत टिपायला सांगा आणि कोअरच्या आकड्यांचा स्तंभालेख काढायला लावा. पालकांनी हाच पडदा दुकानात, पैसे देण्याआधी, दुकानदाराकडून उघडून घ्यावा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून बिलासोबत ठेवावा.